मुंबईची रेल्वे नक्की कुणासाठी आली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मध्य रेल्वेच्या उपनगरी स्थानकांवर तिकीट खिडकीच्या आत बसून माझी नोकरी झाली. त्यामुळे मुंबई आणि रेल्वे या विषयावर प्रश्न पाठवा असं संपादकांनी वाचकांना कळवलं, तेव्हा उत्तरं देण्याचं काम मी आनंदाने घेतलं. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्यांच्याबद्दल मला खात्रीने सांगता येतं तेवढेच निवडले आहेत.

नातवाच्या निबंधात ‘इंग्रजांनी मुंबईकरांच्या सोयीसाठी रेल्वे आणली’ असं वाक्य होतं. बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. मला ते खटकलं. माझं खटकणं बरोबर आहे का? (एक आजोबा, ठाणे)

बरोबर आहे. नातवाला मात्र रागावू नका, कारण हे वाक्य आपण सगळेच ऐकत मोठे झालो.

१८४०च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. तो अमेरिकेतून यायचा, आणि तिथलं पीक एखाद्या वर्षी बुडालं की इकडे गिरण्यांचे मालक हवालदिल व्हायचे. आपल्या वऱ्हाडात आणि खानदेशात कापूस होता, पण तो मुंबईच्या बंदरात यायचा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून. वाटेत आठवड्यांमागून आठवडे जायचे. धूळ बसायची, पाऊस लागला तर गठ्ठेच्या गठ्ठे खराब व्हायचे. हा कापूस लवकर आणि कोरडा बंदरात यावा, यासाठी लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी उभी राहिली. १८४९ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली. तिच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी होती आणि रेल्वेच्या मिळकतीतून ते निघालं नाही तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरलं जाणार होतं. जमीनही सरकारने फुकट दिली. म्हणजे नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर इथल्या रयतेचा. शाळेच्या पुस्तकात ही हमी आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पहिल्या गाडीला किती डबे होते हे सगळ्या मुलांना पाठ असतं, पण त्या डब्यांचे पैसे कुणी भरले हे त्यांना कुणी सांगतच नाही.

डबे १४ होते, हेही सांगून टाकते. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं. बोरीबंदर (आजच्या सीएसएमटीजवळचं जुनं स्थानक) ते ठाणे, ३४ किलोमीटर. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी.

पण आजोबा, गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त जवळची आहे. लंडनच्या कंपनीला मान्यता मिळण्याच्या चार वर्षं आधी, १८४५ साली, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत रेल्वेसाठी संघटना उभी केली होती. हे दोघं मोठे व्यापारी होते, त्यांना व्यापारच दिसत होता हे खरं. पण नानांना शाळा, कॉलेज, इस्पितळ, रेल्वे या साऱ्या गोष्टी एकाच शहराच्या गरजा म्हणून दिसत होत्या. पहिल्या गाडीच्या पाहुण्यांत ते स्वतः होते. तेव्हा नातवाला सांगा, रेल्वे मागणारे मुंबईकरही होते, फक्त रूळ कुठून कुठे जातील हे ठरवणारे ते नव्हते.

रूळ कुठून कुठे जातात यातच सगळा हेतू वाचता येतो. बोरीबंदर म्हणजे बंदर. मशीद बंदर म्हणजे बंदर. गाडी घाट उतरून येते आणि थेट धक्क्यापाशी थांबते. दुसरी कंपनी, बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया, गुजरातचा कापूस घेऊन १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत आली आणि पुढे कुलाब्याला पोचली, कारण कापसाचा बाजार तिथे भरायचा. तो बाजार नंतर शिवडीकडे हलला आणि हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन हे स्थानक त्याची खूण म्हणून राहिलं. कुलाबा स्थानक १९३०च्या अखेरीस बंदच झालं.

दोन्ही कंपन्यांना माल दक्षिण टोकाला न्यायचा होता, म्हणून दोन्ही रस्ते उत्तर-दक्षिण गेले. घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला जायचं असेल तर काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता. तो प्रश्न पडलेल्या माणसाने जवळजवळ दीडशे वर्षं एकतर दादरला जाऊन गाडी बदलली, नाहीतर बसमध्ये घाम गाळला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४च्या जूनमध्ये सुरू झाली, अवघी साडेअकरा किलोमीटर, आणि पहिल्या दिवसापासून भरली. खिडकीवर अंधेरीचं तिकीट मागणारा घाटकोपरचा माणूस मी रोज बघत होते, त्यामुळे त्या गर्दीचं मला नवल वाटलं नाही.

कंपन्यांचा अंदाज एका बाबतीत मात्र साफ चुकला. मालाची गाडी चालेल, गरीब हिंदी माणूस पैसे मोजून कशाला बसेल, असं बोलणारे तेव्हा बरेच होते. तो बसला. तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसला आणि प्रवाशांमध्ये त्याचीच संख्या सगळ्यात मोठी झाली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून दक्षिण मुंबईतल्या बॅकबेपर्यंत रोज एक गाडी जाऊ-येऊ लागली, तिथून मुंबईच्या लोकलची सुरुवात धरतात. कापसासाठी टाकलेले रूळ मुंबईच्या माणसांनी गर्दी करून आपले करून घेतले. माझ्या दृष्टीने नातवाच्या निबंधात हे वाक्य हवं होतं.

आम्ही खंडाळ्याला फिरायला जातो तेव्हा बोगदे मोजतो. हे बोगदे ज्यांनी खणले त्यांची काही आठवण कुठे आहे का? मुंबईला या घाटाचा काय उपयोग झाला? (एक वाचक, कर्जत)

तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते. हे सहसा कुणी विचारत नाही.

घाटाआधीची स्थिती सांगते. गाडी १८५४ साली कल्याणला आणि १८५६ साली खोपोलीला पोचली. वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी १८५८ साली सुरू झाली. मध्ये उभा बोरघाट. पाच वर्षं लोक खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढत आणि वर जाऊन दुसरी गाडी पकडत.

घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५० मीटरहून जास्त चढ, सगळ्यात उभ्या जागी ३७ फुटांना एक फूट, आणि २५ बोगदे. आखणी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची. घाट पुरा होण्याआधीच, १८६२ साली, ते वारले. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे मजुरांना वरून दोरांनी लोंबकळत सोडायचे आणि तशा अवस्थेत ते सुरुंगासाठी भोकं पाडायचे. पहिला कंत्राटदार फेव्हिएल. त्याच्याकडे मजुरी थकली, १८५९च्या जानेवारीत मजूर उठले, दंगा झाला, आणि पुढे त्याने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला. तो आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडलं नाही. अनुभवी अभियंते हाताशी धरून तिने काम तडीस नेलं. १८६१च्या सुमारास एका वेळी ४०,०००हून जास्त माणसं या घाटात राबत होती. त्यात बायका होत्या, मुलं होती. पावसाळ्यात बरेचसे शेतीसाठी गावी परतायचे आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा यायचे. पटकी आणि तापाने किती गेले याची नावनिशीवार नोंद कुणी ठेवली नाही. १८६३ साली गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. समारंभातली भाषणं छापली गेली. दोरावर लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

अॅलिस ट्रेडवेलची गोष्ट अलीकडे पुष्कळ सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण ती सांगताना त्याच घाटात टोपलीने खडी वाहणाऱ्या बायकांचं एक वाक्य तरी जोडत जा, एवढी माझी विनंती.

मुंबईला काय मिळालं म्हणाल, तर मुंबईला देश मिळाला. तोवर हे बेटांचं शहर समुद्राकडे तोंड करून बसलेलं होतं, आणि पाठीमागे सह्याद्री. बोरघाट १८६३ साली खुला झाला, थळघाट (कसारा घाट) १८६५ साली. १८६७पर्यंत गाडी नागपूरला पोचली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं होतं, तिथला कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा महापूर आला. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. युद्ध संपलं, १८६५ साली शेअरबाजार कोसळला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि १८७२च्या शिरगणतीत वस्ती ६,४४,४०५वर आली. रूळ मात्र राहिले. पुढे दख्खनमध्ये दुष्काळ पडला की माणसं त्याच रुळांवरून मुंबईत उतरली. १८९६ साली प्लेग आला तेव्हा लाखो माणसं त्याच रुळांवरून मुंबई सोडून पळाली आणि रोगही त्यांच्याबरोबर पुण्याला गेला.

गिरणगाव म्हणजे कोकणी माणूस. पण कोकणात रेल्वे १९९८ साली आली. मग रेल्वेने मुंबई घडवली असं म्हणणं आम्हा कोकणवाल्यांना लागू होतं का? (एक वाचक, लालबाग, मूळ गाव कुडाळ तालुक्यात)

तुम्ही माझ्याच घरचा प्रश्न विचारलात.

माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातले. आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले. हे वर्कशॉप १८७९ सालचं. त्याच्या आणि लोअर परळच्या वर्कशॉपच्या भोवतीने गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. रेल्वेतल्या माणसाला वर्षाकाठी फुकट प्रवासाचे पास मिळतात. त्या पासावर वडिलांनी आम्हाला काशी दाखवली, रामेश्वर दाखवलं. फक्त स्वतःच्या गावी ते त्या पासावर कधी जाऊ शकले नाहीत, कारण तिकडे रूळच नव्हते. गावी जायचं तर आगबोटीचं तिकीट पदरच्या पैशांनी काढायचं, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीच्या बोटी बंद. नंतर एसटी आली. गणपतीला जायचं म्हणजे रात्रभर कशेडी घाटात वळणं खात जायचं.

त्या समुद्राच्या वाटेची किंमतही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या चाळीतली म्हातारी माणसं आषाढात त्या दिवसाबद्दल बोलायची.

तेव्हा तुमचं म्हणणं असं मांडते: कोकणी माणसाला मुंबईत आणलं समुद्राने, पण त्याच्या गिरणीत कापूस आणला रेल्वेने आणि त्याने विणलेलं कापड देशभर नेलं तेही रेल्वेनेच. साताऱ्याकडचा घाटी गडी मात्र रेल्वेने यायचा. म्हणून सुगीला, जत्रेला त्याचं गावी जाणं-येणं सोपं. आमच्याकडे गडी मुंबईत आणि बायको-मुलं गावी, मध्ये मनीऑर्डर, अशी वर्षंच्या वर्षं गेली. कोकणच्या गावांत बायकांनी एकटीने शेती आणि म्हाताऱ्यांचं करणं हे जे पिढ्यानपिढ्या चाललं, त्याला इतर कारणं आहेतच, पण रूळ नसणं हेही एक कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

२६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण मार्ग सुरू झाला. त्यामागची नावं तुम्हाला ठाऊक आहेत: रेल्वेमंत्री राहिलेले मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस, आणि अभियंता ई. श्रीधरन. पण तोवर गिरणीकामगारांचा १९८२चा संप होऊन गेला होता आणि गिरण्या बंद पडत होत्या. ज्या गिरणीकामगाराला ही गाडी तीस वर्षं आधी हवी होती, तो तीत बसला तो बहुधा कायमचं गावी परतण्यासाठी. माझे वडील तेव्हा हयात नव्हते.

रेल्वेच्या डब्यात सगळ्या जाती एका बाकावर बसल्या, म्हणून रेल्वेने जातिभेद मोडला असं वाचलं. हे कितपत खरं? (एक विद्यार्थिनी, कल्याण)

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे तुम्ही नीट पाहावं असं मला वाटतं.

डब्यांची वर्गवारी पैशांवर होती. तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं की शेजारी कोण बसतो हे निवडता येत नसे. सोवळं पाळणाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग प्रवासाच्या सोयीपुढे ती तक्रार विरली. घरी आल्यावर अंघोळ करून मोकळे व्हायचे. पण स्थानकावर पाणी पाजायला ब्राह्मण पाणकेच असत, आणि हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं, हेही दीर्घकाळ चाललं.

१९०१ सालची एक घटना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडील गोरेगावला खजिनदार, ते सातारा जिल्ह्यातलं गोरेगाव. त्यांना भेटायला ही भावंडं आणि भाचे चांगले कपडे घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. पाठवलेलं पत्र वेळेत न पोचल्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी ‘आम्ही महार’ असं सांगितल्याबरोबर तो मागे सरकला. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, या अटीवर गाडी मिळाली. वाटेत प्यायला पाणीसुद्धा मिळालं नाही.

मसूरपर्यंत त्या मुलांना कुणी अडवलं नव्हतं. तिकीट होतं, गाडीत बसले, उतरले. फलाटाबाहेर पाऊल टाकायच्या आतच गाव सुरू झाला. तेव्हा रेल्वेने एक जागा अशी दिली की जिथे तिकीट हाच हक्क होता. ही लहान गोष्ट नाही. त्याच गाड्यांनी हजारो दलित कुटुंबं गावकी सोडून मुंबईत आली, रेल्वेत, गोदीत, गिरणीत लागली. पण गिरणीतही विणखात्यात त्यांना मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. जात मोडायचं काम रुळांवर सोपवता येत नाही, ते माणसांनीच करायचं आहे, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.

माझे आजोबा ‘रेल्वेची वेळ’ आणि ‘मुंबईची वेळ’ वेगळी असायची असं सांगत. ते खरं की गंमत? (एक वाचक, दादर)

अगदी खरं. १८७०नंतर देशभरातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या, आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या अर्धा तास मागे होती. म्हणजे घरच्या घड्याळात साडेपाच वाजले असताना सहाची गाडी सुटायची. १८८१ साली सरकारने मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. लोकांनी एवढा विरोध केला की दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १९०६ साली आजची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. शहराने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं जपली. आजोबांनी दोन घड्याळांचा हिशेब केलेला असणार.

मी बदलापूरहून रोज सीएसएमटीला जाते. सासूबाई म्हणतात, लोकलने तुम्हा मुलींना पंख दिले. मला तर ती रोजची शिक्षा वाटते. आमच्यापैकी कुणाचं बरोबर? (एक वाचक, बदलापूर)

दोघींचं. आणि हे मी मधला मार्ग म्हणून सांगत नाही.

सासूबाई जे म्हणतात ते मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. पहिला पगार झालेली मुलगी महिन्याचा पास काढायला येते आणि ओळखपत्रावरचं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचते. पुढे तीच त्रैमासिक पास काढते, म्हणजे नोकरी टिकली. मग काही महिने दिसत नाही, आणि दिसते तेव्हा कडेवर मूल असतं. काही जणी परत पास काढतात, काही नाही. ज्या परत आल्या त्यांच्यासाठी मला त्या दिवशी फार बरं वाटायचं. बायकांचा वेगळा डबा नसता तर त्यांच्यातल्या निम्म्याजणींना घरच्यांनी बाहेर पडू दिलं नसतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल निघाली. अख्खी गाडी बायकांची! त्या डब्यांत भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, भिशी लागते, आणि सासरी कुणाला मारहाण होते आहे हेही तिथेच प्रथम कळतं. अशा गोष्टी बोलायला घरात जागा नसते.

आता तुमचं. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. तुम्ही तिथे राहता कारण मुंबईत घर परवडत नाही, आणि तिथे राहणं शक्य आहे कारण गाडी आहे. शहराने गेल्या शंभर वर्षांत घराचा प्रश्न असाच सोडवला. प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, त्या रेल्वेच्या भरवशावर. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गे पहिली विजेची गाडी धावली, गाड्या वाढल्या, आणि वस्ती आणखी पुढे सरकली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं, त्याचं उल्हासनगर झालं, तेही रुळांलगत. मग डोंबिवली, अंबरनाथ, तुमचं बदलापूर, तिकडे नालासोपारा, विरार. दर वेळी स्वस्त जागा एक स्टेशन पुढे, आणि दर वेळी प्रवास थोडा लांब. घर स्वस्त झालं ते तुमच्या झोपेच्या बदल्यात.

गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, हा रेल्वेच्याच कागदांवरचा आकडा आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गाडीतून पडून आणि रूळ ओलांडताना वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरत आली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. ते गिरण्यांच्या काळातलं स्थानक, गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, हजारो नोकऱ्या आल्या आणि पूल तेवढाच राहिला. अशा वेळी कुणी मुंबईकरांच्या ‘स्पिरिट’चं कौतुक करतं तेव्हा मला संताप येतो. दुसऱ्या दिवशी माणसं कामावर जातात कारण न गेल्यास पगार कापला जातो.

तुम्ही सासूबाईंना एकदा सकाळच्या गाडीने बरोबर न्या, आणि त्यांना त्यांच्या तरुणपणी एकटीने कुठवर जाऊ देत असत ते त्यांच्याकडून ऐका. मला वाटतं, दोघींनाही एकमेकींचं पटेल. आणि तुमच्या प्रवासी संघटनेच्या बैठकीला जात जा. महिला डबे, फेऱ्या, फलाटांची उंची, स्वच्छतागृहं यांपैकी जे काही सुधारलं त्याच्यामागे कुणीतरी वर्षानुवर्षं निवेदनं दिलेली आहेत.

नातीला रेल्वेचा इतिहास दाखवायचा आहे. एका दिवसात काय दाखवू? (एक आजी, मुलुंड)

भायखळ्यापासून सुरुवात करा. पहिल्या गाडीच्या काळापासूनचं हे स्थानक, आणि त्याची इमारत अलीकडे फार निगुतीने पूर्ववत केली आहे. २०२२ साली तिला युनेस्कोचा वारसा जतनाचा पुरस्कार मिळाला. मग सीएसएमटी. आत धावत जाऊ नका, आधी रस्त्यापलीकडून इमारत पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ती आखली, काम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ साली पुरं झालं, खर्च सुमारे १६ लाख रुपये. दगडातली पानं, पक्षी, माकडं यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत चेहरे कोरले आहेत. त्यांत पगडीवाले दोन शोधायला नातीला सांगा: नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई. सापडले की शेवटी हार्बरच्या गाडीने कॉटन ग्रीनपर्यंत जाऊन या आणि कापसाची गोष्ट तिथे सांगा.

रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा.